मधल्या पॉकेटची बँक आणि वाटेत येणारा व्हाइट: एका शॉटचा पूर्ण हिशेब

पूलचं टेबल नऊ फुटी, म्हणजे कुशनच्या (कडेच्या रबरी पट्टीच्या) धारेपासून धारेपर्यंत १०० बाय ५० इंच, सेंटीमीटरमधे २५४ बाय १२७. नाशिकला कॉलेज रोडच्या एका पार्लरमधलं. एक लांब कुशन खिडकीकडं, दुसरं काउंटरकडं, आखूड बाजूंपैकी एक दाराकडं आणि एक भिंतीकडं, हे नीट लक्षात ठेवा कारण पुढं सगळं यावरच आहे. गेम एट-बॉल, मित्राचे सगळे बॉल गेलेले, फक्त ब्लॅक, म्हणजे शेवटी घालायचा काळा बॉल, शिल्लक. ब्लॅक खिडकीच्या कुशनजवळ, त्याच्या आणि कुशनच्या मधे ६ सेंमी जागा म्हणजे एक बॉल कसाबसा मावेल एवढीच, आणि मधल्या पॉकेटच्या रेषेपासून तो ४५ सेंमी दाराकडं. व्हाइट (काठीनं मारायचा पांढरा बॉल) पण दाराच्याच बाजूला, ब्लॅकपासून ६० सेंमी मागं, आणि तिथून ब्लॅककडं जाणारी लाइन कुशनशी बरोबर ४५ डिग्री करते.

सरळ पॉट नाही. खिडकीच्या कुशनला घासून भिंतीकडच्या कोपऱ्यात घालता आला असता पण समोरच्याचा एक बॉल त्याच कुशनला चिकटून वाटेत बसलाय. तिरकी लांब बँक (कुशनवर आपटून उलटवायचा शॉट) मारून काउंटर आणि भिंतीच्या कोपऱ्यात पाठवायचा तर तिथं त्याचाच दुसरा बॉल पॉकेटच्या तोंडावर. उरतं काय, तर ब्लॅक खिडकीच्या कुशनला मारायचा, तो उलटून टेबलाची पूर्ण रुंदी ओलांडून काउंटरकडच्या मधल्या पॉकेटात पडला पाहिजे.

दिसायला ही बँक काहीच नाही. कॅरम खेळलेल्या माणसाला रिबाउंड डोळ्यांनीच दिसतो. पण इथं एक भानगड आहे. ब्लॅक कुशनवरून उलटून काउंटर आणि भिंतीच्या मधल्या दिशेनं वर येतो, आणि व्हाइट दाराकडून आलेला असल्यामुळं ब्लॅकला लागल्यावर तो पण भिंतीकडंच सरकतो, म्हणजे ब्लॅकच्या परतीच्या वाटेवरूनच. दोघं एकाच चौकात, एकाच वेळी. आपल्याकडं याला किस म्हणतात आणि बँक शॉट फसण्याचं हे फार मोठं कारण आहे, फक्त बऱ्याच जणांना वाटतं की आपला नेमच चुकला.

मित्र सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, अँगल बघायची नजर आहे त्याला. तो वाकला तेव्हा मागून एक काका म्हणाले (जुने बिलियर्ड्सवाले, त्यांचं सगळे ऐकतात), "जोरात मार रे, व्हाइट निघून जाईल तोपर्यंत." त्यानं जोरात मारला. लाइन एकदम बरोबर होती. ब्लॅक उलटून आला आणि व्हाइटच्या कुशीत लागून दाराकडं गेला. गेम गेला.

त्यानंतर आम्ही पार्लरवाल्या दादांना विचारून ती पोझिशन कागदाच्या छोट्या गोल टिकल्या लावून टेबलावर मार्क केली, आणि घरी मी वहीवर सगळं मांडलं. मला एवढंच शोधायचं होतं की "जोरात मार" हा सल्ला बरोबर आहे का, कारण तो आपण सगळेच देतो.

आधी साधी लाइन. दहावीपर्यंतचं आरशाचं गणित सगळ्यांना माहितीये, आपतन कोन तेवढाच परावर्तन कोन. पॉकेट कुशनच्या पलीकडं तेवढ्याच अंतरावर आहे असं धरायचं आणि त्या खोट्या पॉकेटवर नेम धरायचा. फक्त कुशनच्या धारेवर आरसा ठेवायचा नाही, बॉलचं केंद्र धारेपर्यंत कधी जातच नाही, ते अर्धा बॉल अलीकडंच थांबतं. बॉल ५७.१५ मिमीचा, म्हणजे आरसा धारेपासून २.८६ सेंमी आत. असं केलं की ब्लॅकचं केंद्र आरशापासून ६ सेंमी, पॉकेट १२४, आडवं अंतर ४५, आणि कोन येतो कुशनच्या लंबापासून १९ डिग्री. सगळे कोन मी लंबापासूनच मोजतोय. व्हाइट ४५ नं येतोय, ब्लॅक १९ नं जायला हवा, म्हणजे कट २६ डिग्रीचा.

आता हा आरसा खरा आहे का? तर नाही, पण योगायोगानं जवळपास खरा ठरतो आणि हे मला फार आवडलं. साइड (भोवऱ्यासारखी फिरकी) नसलेला बॉल तिरका येऊन कुशनला लागतो तेव्हा रबर त्याची लंब दिशेची गती पूर्ण परत देत नाही, बऱ्या टेबलावर साधारण ७५ टक्के धरा. नुसतं एवढंच झालं असतं तर बॉल कायम लांब, म्हणजे लंबापासून जास्त फाकून, गेला असता. पण त्याच क्षणी कुशनचं कापड बॉलला पकडतं आणि त्याची कुशनला समांतर गती पण खाते, पूर्ण पकड बसली तर ती ५/७ उरते, म्हणजे ७१ टक्के. दोन्हीकडून जवळजवळ सारखीच कपात झाल्यामुळं कोन जवळजवळ तोच राहतो, १९ चे १८ होतात बस. म्हणजे आरसा चालतो तो दोन तोटे एकमेकांना झाकतात म्हणून. बॉलवर साइड असली किंवा रोल असला की हे झाकण उडतं.

आता किस. व्हाइट ब्लॅकला लागताना त्याच्यावर ना फॉलो (पुढं लोळणारी फिरकी) ना स्क्रू (उलटी फिरकी) असेल, म्हणजे स्टन असेल, तर तो ब्लॅकच्या दिशेला काटकोनात निघतो. २६ डिग्रीच्या कटला ब्लॅकला व्हाइटच्या गतीच्या ९० टक्के मिळतात आणि व्हाइटकडं ४४ टक्के राहतात (कोसाइन आणि साइन, दुसरं काही नाही). व्हाइट आपल्या वाटेनं साडेनऊ सेंमी गेला की ब्लॅकच्या परतीची लाइन ओलांडतो. ब्लॅकला त्याच चौकात यायला आधी सहा-सव्वासहा सेंमी कुशनपर्यंत आणि मग पंधराएक सेंमी वर यावं लागतं, तेही कुशननं गती कमी केल्यावर. म्हणजे व्हाइट आधी पोचतो हे खरं, काकांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पण ब्लॅक तिथं येतो तेव्हा व्हाइट चौकातून फक्त साडेतीन सेंमी पुढं सरकलेला असतो. दोघांच्या केंद्रांतलं कमीत कमी अंतर निघतं साधारण ३.५ सेंमी, आणि न घासता जायला पाहिजे ५.७. किस होणारच.

आणि आता जोराचं. वरच्या सगळ्या हिशेबात व्हाइटची गती कुठंच आली नाही बघा. दोन मीटर पर सेकंद असो की चार, व्हाइटला त्याचे ४४ टक्के मिळतात आणि ब्लॅकला त्याचे ९०, दोघंही दुप्पट वेगानं पळतात आणि त्याच चौकात, त्याच अंतरानं भेटतात, फक्त निम्म्या वेळात. जोरानं सिनेमा फास्ट होतो, सीन तोच राहतो. एक बारीक फरक पडतो, जोराच्या शॉटला रबर थोडं कमी परत देतं, तर ७५ ऐवजी ६५ टक्के धरून बघितलं, अंतर ४.८ पर्यंत येतं. अजून ५.७ नाहीच.

हे वहीत ठीक आहे पण टेबलावर बघायला पाहिजे म्हणून मोबाइलचा स्लो-मोशन लावला, २४० फ्रेम पर सेकंदवाला, टेबलाच्या वरून धरून. तीच पोझिशन, तीच लाइन, एकदा मध्यम आणि एकदा जोरात. हळू शॉटमधे धडक ते किस तीसेक फ्रेम, जोरातल्यात त्याच्या निम्म्या, आणि किस होताना दोन्ही बॉल कापडावर जवळजवळ त्याच जागी. मित्रानं दोन्ही स्क्रीनशॉट एकावर एक ठेवून दाखवले तेव्हा काका बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "म्हणजे अँगलच बदलायला पाहिजे." हेच, बाकी काही नाही.

कारण गतीचा जोर बदलून वाटणी बदलत नाही, पण कट बदलला की वाटणी बदलते. कट वाढवला तर व्हाइटकडं जास्त गती राहते आणि ब्लॅक हळू होतो, म्हणजे दोन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या. मी वेगवेगळ्या कटला तेच अंतर काढत गेलो, तर या पोझिशनला ३० डिग्रीवर अंतर ५.९ येतं, म्हणजे केसाएवढ्या फरकानं सुटतो. ३० डिग्री म्हणजे हाफ-बॉल, व्हाइटचं केंद्र ब्लॅकच्या बरोबर कडेवर नेम धरून मारायचं तो. त्याच्यापेक्षा फुल, म्हणजे ब्लॅकच्या जास्त मधे, मारला की किस, पातळ मारला की मोकळं.

पण पातळ मारला की ब्लॅक १९ ऐवजी कमी डिग्रीनं कुशनला जाणार आणि बँक शॉर्ट पडणार, पॉकेटच्या दाराकडच्या बाजूला जाऊन आदळणार. मधल्या पॉकेटचं तोंड साधारण पावणेतेरा सेंमीचं असतं, बॉल ५.७, म्हणजे चुकायला मुभा दोन्ही बाजूंना दीड डिग्री, त्याच्यावर नाही. थोडी सूट ठेवून कट ३२ चा धरला तर ब्लॅक १३ नं जातो, तर प्रश्न असा होतो की ब्लॅकला १३ डिग्रीनं आत पाठवून १९ नं बाहेर कसा काढायचा.

इथं निसर्ग फुकटात मदत करतो, आणि हाच या शॉटचा गाभा आहे. कट मारताना व्हाइटचा पृष्ठभाग ब्लॅकच्या अंगाला घासत जातो. त्या घर्षणानं दोन गोष्टी होतात. एक, ब्लॅक ठरवलेल्या लाइनपेक्षा व्हाइटच्या दिशेला थोडा ओढला जातो, याला थ्रो म्हणतात, मध्यम गतीला साधारण ३ ते ४ डिग्री. दोन, ब्लॅकला हलकी साइड मिळते. कुठली साइड हे मी नीट काढून बघितलं कारण यातच सगळे गोंधळतात: आपल्या केसमधे व्हाइट दाराकडून भिंतीकडं घासत जातो, ब्लॅकवर तो खिडकीच्या उलट्या अंगाला लागतो, त्यामुळं ब्लॅक वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरायला लागतो, आणि खिडकीच्या कुशनवर भिंतीकडं जाणाऱ्या बॉलला ही रनिंग साइड आहे. कुशनवर तो गिअरसारखा लोळत पुढं जातो आणि कोन लांबतो. व्हाइट जर भिंतीकडून येत असता तर हेच सगळं उलट झालं असतं, ब्लॅकला उलटी साइड मिळून बँक शॉर्ट झाली असती, पण मग व्हाइट वाटेत पण आला नसता.

दुसरी मदत कापडाची. ब्लॅक निघताना नुसता घसरत असतो, हळूहळू त्याला रोल येतो. कुशनपर्यंतच्या सहा सेंमीत, व्हाइट दीड मीटर पर सेकंदानं लागला असेल तर पूर्ण रोलच्या पाचवा हिस्सा येतो. कुशन लागल्यावर बॉलची दिशा उलटते पण हा रोल काही प्रमाणात तसाच राहतो, तो अजून खिडकीकडंच फिरत असतो, त्यामुळं कापड बॉलला काउंटरकडं जाताना थोडं मागं ओढतं आणि वाट भिंतीच्या बाजूला वळते. परत लांब. आता तोच शॉट तीन मीटरनं मारा, सहा सेंमीत मिळणारा रोल पाचव्या हिश्श्यावरून विसाव्या हिश्श्यावर येतो, आणि बॉल एकमेकांवर जास्त वेगानं घासले की घर्षण पण कमी होतं म्हणून थ्रो आणि साइड दोन्ही घटतात. म्हणजे जोर किस टाळत तर नाहीच, उलट जी लांबी आपल्याला फुकट मिळणार होती ती पण घालवतो. काकांच्या सल्ल्यावर माझा एकच आक्षेप असेल तर तो हा.

आकडे असे पडले. ब्लॅक १३ डिग्रीनं आत. नुसत्या कुशनमुळं साडेबारा झाला असता. थ्रोमधून मिळालेल्या साइडमुळं १६ च्या आसपास. रोलमुळं १८-१९ च्या घरात. पॉकेटला हवेत १९ आणि थोडं, मुभा दीड डिग्री, म्हणजे बसतं. आणि किस? कट आता ३२ चा, व्हाइटकडं ५३ टक्के, ब्लॅक चौकात येईपर्यंत व्हाइट आठ सेंमी पुढं निघून गेलेला. कमीत कमी अंतर ७.८. दोन्ही बॉलच्या मधे दोन सेंमी उजेड.

व्हाइटला उजवी साइड देऊन ब्लॅकला अजून रनिंग द्यावी असं मित्राच्या मनात आलं. मी नको म्हटलं. या कटला व्हाइट आधीच घासतोय, घर्षण जेवढं द्यायचं तेवढं देऊन मोकळं झालेलं असतं, वरून साइड दिली की घासण्याचा वेग वाढतो आणि घर्षण उलट थोडं कमीच होतं. शिवाय साइडनं मारला की व्हाइट स्वतःच लाइन सोडून सरकतो, ती दुसरी डोकेदुखी. डावी साइड तर अजिबात नको, साधारण ५ मिमी डावीकडं मारला तर घासणंच थांबतं, थ्रो पण गेला आणि रनिंग पण गेली.

आता हातातलं काम. थ्रो ३ डिग्री धरला तर नेम १० डिग्रीच्या लाइनचा धरायचा, म्हणजे कट ३५ चा. आधीच्या लाइनला व्हाइटच्या केंद्राचा नेम ब्लॅकच्या डाव्या कडेच्या साडेतीन मिमी आत होता, आता तो कडेच्या ४ मिमी बाहेर. फरक इतकाच. खरं सांगायचं तर हा शॉट अवघड आहे तो इथंच, ब्लॅकच्या अंगावर जिथं लागायचंय तो बिंदू मिलिमीटरपेक्षा जास्त हलला की पॉकेटची दीड डिग्री संपली.

आणि व्हाइट स्टन पोचला पाहिजे, नाहीतर काटकोनाचा सगळा हिशेब मोडतो. रोल घेऊन आला तर व्हाइट धडकेनंतर खिडकीकडं झुकतो, आणि ब्लॅक तिथूनच तर वर येत असतो. साठ सेंमीच्या वाटेत कापड त्याला रोल देणारच, म्हणून सुरुवातीला तेवढाच उलटा स्पिन द्यायचा की पोचेपर्यंत तो बरोबर शून्य होईल. कापडाचं घर्षण ०.२ धरून हिशेब केला तर सुमारे २.१ मीटर पर सेकंदानं आणि मध्याच्या ९ मिमी खाली मारला की ब्लॅकला लागताना तो जवळपास १.४ नं आणि स्पिनशिवाय लागतो. काठीची टिप १३ मिमीची असते, म्हणजे पाऊण टिप खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जास्त खाली मारायचा मोह होतो कारण स्क्रूनं व्हाइट मागं येईल आणि वाट सोडेल असं वाटतं, पण ब्लॅक चौकात यायला पाव सेकंदही लागत नाही, तेवढ्यात कापड व्हाइटला काही सेंमीच ओढू शकतं. या पोझिशनला ते पुरत नाही, तेही मी काढून बघितलं.

टेबलावर परत मांडला. पहिले काही ब्लॅक शॉर्ट पडले, पण किस एकदाही झाला नाही, आणि हीच मला हवी असलेली पावती होती. शॉर्ट पडायचं कारण सापडलं ते बॉल. दादांनी नुकतेच पुसून चकाचक केलेले, आणि स्वच्छ बॉलना थ्रो कमी मिळतो, थ्रो कमी म्हणजे साइड पण कमी. नेम दीडेक मिमी आत घेतल्यावर ब्लॅक पडायला लागला, हळू, पॉकेटच्या मधोमध. मित्रानं मारला, मग काकांनी मारला, काकांचा हात इतका मऊ आहे की त्यांचा ब्लॅक पडताना आवाजच येत नव्हता. मी तेव्हा त्यांना म्हटलं की काका, तुमच्याकडं हा शॉट आधीपासून होता, फक्त तुम्ही जोरात मारायला सांगत होता. ते हसले आणि चॉक लावत बसले.

ज्यांना टेबलाच्या गणिताची गोडी लागेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, भूगोलात वाऱ्यांची दिशा वळवणारं जे कोरिऑलिस बल शिकलो त्याच कोरिऑलिसनं १८३५ साली बिलियर्ड्सच्या बॉलचं गणित लिहिलंय. पोरं दहावी-अकरावीला फिजिक्सला घाबरतात, त्यांना क्लासच्या आधी एक तास टेबलावर न्यावं असं मला मनापासून वाटतं.

हा हिशेब जसाच्या तसा दुसऱ्या पोझिशनला लावू नका. ब्लॅक कुशनपासून ६ ऐवजी १२ सेंमीवर असता तर याच व्हाइटला साध्या आरशाच्या लाइननं पण अंतर ८ च्या वर येतं, काही युक्ती करायची गरजच नाही, फक्त स्टन ठेवा. उलट ब्लॅक ३ सेंमीवर असेल तर १३ डिग्रीची युक्ती करूनसुद्धा अंतर ४.९ वर अडकतं आणि किस होतो. तिथं हा शॉट खेळायचाच नाही, व्हाइट हळूच समोरच्याच्या बॉलमागं लपवायचा आणि पाळी द्यायची.